परक्या फौजेला बोलावण्याचा अधिकार नेमका कुणाचा?

3 मार्च 2014 रोजी सुरक्षा परिषदेच्या बैठकीत रशियाचे प्रतिनिधी विताली चुर्किन यांनी एका पत्राची प्रत सर्वांसमोर धरली. पत्र युक्रेनचे अध्यक्ष व्हिक्टर यानुकोविच यांचे होते आणि त्यावर 1 मार्चची तारीख होती. युक्रेनमध्ये कायदा-सुव्यवस्था पूर्ववत करण्यासाठी रशियाने आपले सैन्य वापरावे, अशी विनंती त्यात केलेली होती. यानुकोविच तोवर देश सोडून रशियात गेले होते, युक्रेनच्या संसदेने 22 फेब्रुवारीलाच त्यांना पदावरून दूर केले होते, आणि क्रिमियातल्या सरकारी इमारती 27 तारखेपासून बिल्ला-निशाणी नसलेल्या सशस्त्र सैनिकांच्या ताब्यात होत्या. म्हणजे रशियाचे सैनिक आधी पोहोचले, पत्र मागाहून आले.

तरीही ते पत्र दाखवावेसे वाटले, याला कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले कलम 2(4) एका देशाने दुसऱ्या देशाविरुद्ध बळाचा वापर करू नये असे सांगते. त्याला दोन उघड अपवाद आहेत: सुरक्षा परिषदेची परवानगी आणि कलम 51 मधला स्वसंरक्षणाचा हक्क. तिसरी वाट सनदेत लिहिलेली नाही, पण सगळे देश ती मानतात. ज्या देशात सैन्य जाते त्या देशाच्याच सरकारने बोलावले असेल, तर तो वापर त्या देशाविरुद्ध ठरत नाही. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 2001 मध्ये राज्यांच्या जबाबदारीविषयी जो मसुदा पूर्ण केला, त्यातले कलम 20 हेच सांगते: वैध संमती दिलेली असेल आणि कृती त्या संमतीच्या मर्यादेत असेल, तर ती बेकायदा नाही. निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1986 मध्ये दुसरी बाजूही स्पष्ट केली. सरकारच्या विनंतीवरून मदत करता येते. विरोधी गटाच्या विनंतीवरूनही करता येते असे मानले, तर हस्तक्षेपबंदीच्या तत्त्वात काही उरणार नाही.

इथवर कायदा स्वच्छ आहे. पुढच्या प्रश्नांवर मात्र तो जवळजवळ गप्प आहे. सरकार कुणाला म्हणायचे? संमती कशी द्यायची, कुणाला कळवायची, किती दिवस ती टिकते, कुणाविरुद्ध ती वापरता येते? या मौनाची किंमत लाखो लोकांनी मोजली आहे. माझे म्हणणे असे आहे की परक्या फौजेला दिलेले निमंत्रण लिखित, जाहीर आणि मुदतीने बांधलेले असेल तरच जगाने त्याला निमंत्रण मानावे. जे कागद लपवले जातात, ज्यांच्यावर मागची तारीख टाकली जाते किंवा ज्यांना शेवटच नसतो, त्यांना कायद्याने दारात उभे करू नये.

गुप्त निमंत्रणांनी काय घडते, हे विसाव्या शतकाने पुरेपूर दाखवले आहे. ऑक्टोबर 1956 मध्ये बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि 24 तारखेला सोव्हिएत रणगाडे शहरात आले. त्यांना बोलावणाऱ्या लेखी विनंतीवर पंतप्रधान आंद्राश हेगेदुश यांची सही आहे आणि तारीख 24 ऑक्टोबर आहे. प्रत्यक्षात ती सही नंतर घेतली गेली, हेगेदुश पंतप्रधान उरले नव्हते तेव्हा. त्यांच्या जागी आलेल्या इम्रे नॉज यांनी 1 नोव्हेंबरला सोव्हिएत गटाच्या वॉर्सा या लष्करी करारातून बाहेर पडण्याची आणि तटस्थतेची घोषणा केली. 4 नोव्हेंबरच्या पहाटे दुसरा हल्ला झाला, आणि त्याच पहाटे यानोश कादार यांच्या नावाने एक नवे सरकार रेडिओवरून जाहीर झाले, ज्याने सोव्हिएत मदत मागितली. त्या क्षणी देशाचे कायदेशीर पंतप्रधान नॉज स्वतः रेडिओवरून सांगत होते की सोव्हिएत सैन्याने राजधानीवर हल्ला केला आहे. जून 1958 मध्ये त्यांना फाशी देण्यात आली.

चेकोस्लोव्हाकियात बारा वर्षांनी हेच अधिक नीटनेटकेपणे करण्याचा प्रयत्न झाला. तिथल्या साम्यवादी पक्षाचे वासिल बिल्याक आणि आणखी चार नेत्यांनी सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना उद्देशून मदत मागणारे एक पत्र लिहिले. ऑगस्ट 1968 च्या सुरुवातीला ब्रातिस्लाव्हातल्या बैठकीच्या वेळी ते गुपचूप सोव्हिएत प्रतिनिधींच्या हाती पोहोचवले गेले, आणि ते गुप्त ठेवावे अशी विनंती पत्रातच होती. 20 ऑगस्टच्या रात्री वॉर्सा कराराच्या फौजा सीमा ओलांडून आल्या. पक्ष आणि सरकारच्या नेत्यांनी मदत मागितली, असे तास या वृत्तसंस्थेने जगाला सांगितले, पण एकाही नेत्याचे नाव दिले नाही. पक्षाच्या अध्यक्षमंडळाने त्याच रात्री निवेदन काढले की हे सगळे राष्ट्राध्यक्ष, संसदेचे अध्यक्ष, पंतप्रधान किंवा पक्षाचे पहिले सचिव यांच्यापैकी कुणालाही माहीत नसताना घडले. परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक यांनी न्यूयॉर्कला जाऊन सुरक्षा परिषदेत तेच सांगितले. ते पत्र खरोखर होते, हे लोकांच्या हाती यायला 1992 उजाडले, रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी ते चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष व्हात्स्लाव हावेल यांच्याकडे सोपवले तेव्हा.

या दोन्ही प्रकरणांत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या सत्तेजवळ हजारो रणगाडे होते, तिलाही सहीचा कागद हवा होता. कागद नसता तर सैन्य थांबले असते असे नाही. पण जगापुढे उभे राहताना, आपल्याच मित्रदेशांना समजावताना, आपल्या सैनिकांना सांगताना काही तरी आधार लागतो, आणि कायद्याने तो आधार फार स्वस्तात देऊ केला आहे. म्हणून कागदाच्या अटी कडक करणे हे निरर्थक काम नाही.

अफगाणिस्तानात तर या युक्तिवादाने टोक गाठले. तिथल्या साम्यवादी सरकारने 1979 मध्ये सोव्हिएत सैन्याची मागणी वारंवार केली होती, हे खरे आहे. डिसेंबरच्या शेवटी सैन्य आले आणि 27 तारखेला त्याने राष्ट्रप्रमुख हफीजुल्ला अमीन यांनाच त्यांच्या राजवाड्यात ठार केले. मग बब्रक करमाल यांना सत्तेवर बसवण्यात आले आणि त्यांच्या नावाने मदतीची विनंती जाहीर झाली. 14 जानेवारी 1980 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 104 विरुद्ध 18 मतांनी परकीय सैन्य ताबडतोब मागे घेण्याची मागणी केली. ग्रेनाडावरच्या 1983 च्या अमेरिकी आक्रमणातही गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांचे विनंतीपत्र पुढे करण्यात आले, आणि आमसभेने 108 विरुद्ध 9 मतांनी त्या कारवाईचा निषेध केला. पनामात 1989 मध्ये गियेर्मो एन्दारा यांचा अध्यक्षपदाचा शपथविधी आक्रमणाच्या तोंडावर अमेरिकी लष्करी तळावर झाला. हे एका गटाचे पाप आणि दुसऱ्याचे पुण्य असा हिशेब करणाऱ्यांनी ही तिन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत.

2022 मध्ये तर बोलावणाराच तयार करण्यात आला. 21 फेब्रुवारीला रशियाने पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली, मग त्या तथाकथित देशांनी मदत मागितली, आणि 24 फेब्रुवारीच्या पहाटे कीव्हवर क्षेपणास्त्रे पडली. आधी मान्यता, मग विनंती, मग चढाई, आणि हे सगळे चार दिवसांच्या आत.

आता कठीण भागाकडे येतो. सरकार कुणाला म्हणायचे?

जुनी कसोटी प्रत्यक्ष ताब्याची आहे. देशावर ज्याची सत्ता खरोखर चालते तो सरकार, मग तो कसाही आला असो. कोस्टारिकात बळाने सत्तेवर आलेल्या तिनोको यांच्या सरकारविषयीच्या वादात 1923 मध्ये लवाद म्हणून विल्यम टाफ्ट यांनी हीच कसोटी लावली होती. अलीकडे तिच्या जोडीला, कधी तिच्या विरोधात, वैधतेची कसोटी आली आहे: लोकांनी निवडून दिलेला, घटनेनुसार सत्तेवर आलेला तो सरकार. गाम्बियात ही दुसरी कसोटी चांगल्या कारणासाठी वापरली गेली. डिसेंबर 2016 ची निवडणूक अदामा बॅरो यांनी जिंकली, याह्या जामे खुर्ची सोडेनात, तेव्हा 19 जानेवारी 2017 रोजी बॅरो यांनी सेनेगलमधल्या आपल्या देशाच्या दूतावासात शपथ घेतली आणि शेजाऱ्यांची मदत मागितली. पश्चिम आफ्रिकी देशांचे सैन्य सीमा ओलांडून आले, आणि दोन दिवसांत जामे देश सोडून गेले. ताबा जामे यांचा होता, वैधता बॅरो यांची होती, आणि या ठिकाणी वैधतेला मान देणे मला योग्यच वाटते.

पण तीच कसोटी येमेनमध्ये कुठे घेऊन गेली? तिथले अध्यक्ष अब्दरब्बू मन्सूर हादी यांनी जानेवारी 2015 मध्ये हूथी बंडखोरांच्या दबावाखाली राजीनामा दिला, फेब्रुवारीत एडनला निसटून तो मागे घेतला, आणि 24 मार्चला आखाती देशांकडे लष्करी मदत मागितली. दोन दिवसांनी सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले. हादी रियाधला पोहोचले आणि पुढची बरीच वर्षे त्यांचा मुक्काम प्रामुख्याने तिथेच राहिला. सुरक्षा परिषदेने एप्रिलमध्ये ठराव 2216 करून त्यांच्या वैधतेला दुजोरा दिला. राजधानी हातात नाही, देशाच्या मोठ्या भागावर हुकूम चालत नाही, तरी एका माणसाची संमती वर्षानुवर्षे बाँबफेकीला पुरत राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2021 च्या अखेरीपर्यंत येमेनच्या युद्धाने 3,77,000 बळी घेतले, आणि त्यातले बहुसंख्य लोक भूक, रोगराई आणि उपचारांच्या अभावाने गेले. हूथींनी बळजबरीने सत्ता घेतली आणि लोकांवर अत्याचार केले, याबद्दल दुमत नाही. पण ज्याच्या नावाने युद्ध चालते त्याला त्या युद्धाची झळ लागत नाही आणि त्याच्या संमतीची कुणी पुन्हा विचारणाही करत नाही, ही व्यवस्था न्यायाची म्हणता येत नाही.

कसोट्या सोयीने बदलतात, हे नायजरमध्ये आणखी स्पष्ट दिसले. जुलै 2023 मध्ये लष्कराने अध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना पदच्युत केले आणि काही दिवसांत फ्रान्सबरोबरचे लष्करी करार रद्द केले. करार रद्द करण्याचा अधिकार फक्त वैध सरकारला आहे, असे फ्रान्सने सांगितले. तत्त्व म्हणून ते चुकीचे नाही. पण शेजारच्या मालीत 2020 आणि 2021 मध्ये लष्करी उठाव झाल्यानंतरही फ्रेंच सैन्य तिथल्या राजवटीच्या संमतीवरच थांबले होते. ज्याचा होकार चालतो त्याचा नकारही चालला पाहिजे. शेवटी वर्ष संपायच्या आत फ्रेंच सैनिक नायजरमधून निघाले, पण ते तत्त्व मान्य करून नव्हे, राहणे अशक्य झाले म्हणून.

मला स्वतःला या दोन कसोट्यांपैकी एकच कायमची निवडणे शक्य वाटत नाही. निव्वळ ताबा मानला तर प्रत्येक सत्तापालट करणाऱ्याला परकी फौज बोलावण्याचा परवाना मिळतो. निव्वळ वैधता मानली तर परदेशात बसलेला कुणीही, मोठ्या देशांच्या मान्यतेच्या जोरावर, आपल्याच शहरांवर बाँब टाकायला सांगू शकतो. व्हेनेझुएलात 2019 मध्ये विरोधी नेते हुआन ग्वायदो यांना पन्नासहून अधिक देशांनी हंगामी अध्यक्ष म्हणून मान्यता दिली होती. त्यांच्या हाती एकही पलटण नव्हती. त्यांनी परकी सैन्य बोलावले असते तर काय, हा प्रश्न तेव्हा अनेक राजधान्यांमध्ये गांभीर्याने चर्चिला जात होता. माझा कल असा आहे की वैधता ही आवश्यक अट मानावी, आणि ताबा हा तिचा कालावधी ठरवणारा घटक मानावा. निवडून आलेल्या पण ताबा गमावलेल्या सरकारची हाक गाम्बियासारखी काही दिवस किंवा आठवडे ग्राह्य धरावी. महिने उलटले की त्या एका सहीवर युद्ध चालू राहू नये, सुरक्षा परिषदेचा किंवा प्रादेशिक संघटनेचा नवा, स्वतंत्र निर्णय लागावा.

यादवी युद्धाचा मुद्दा यालाच जोडून येतो. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांची नामवंत संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल लॉ, हिने 1975 मध्ये वीसबाडेन इथे ठराव केला की यादवी युद्धात कोणत्याही बाजूला बाहेरून मदत करू नये, सरकारलाही नाही. विचार उदात्त होता: देशाचे लोक कोणत्या राजवटीखाली राहतील हे त्यांनी आपसात ठरवावे. पण प्रत्यक्षात देश तसे वागले नाहीत. मालीच्या उत्तरेतून सशस्त्र गट दक्षिणेकडे सरकू लागले तेव्हा 11 जानेवारी 2013 रोजी हंगामी अध्यक्ष जोंकुंदा त्राओरे यांच्या विनंतीवरून फ्रान्सने कारवाई सुरू केली, आणि जगाने तिचे बहुतांशी स्वागत केले. सीरियात 30 सप्टेंबर 2015 पासून रशियाने तिथले तेव्हाचे अध्यक्ष असद यांच्या विनंतीवरून हल्ले सुरू केले. लक्ष्य दहशतवादी आहेत असे सांगितले गेले, आणि बाँब अलेप्पोच्या बंडखोर भागांतल्या रुग्णालयांवरही पडले. दोन्हीकडे कायदेशीर आधार कागदावर एकच होता. फरक होता तो बळ कुणाविरुद्ध वापरले जाते यात. त्याच संस्थेने 2011 मध्ये रोड्स इथे केलेल्या ठरावात मला अधिक उपयोगी सूत्र दिसते: ज्या मदतीचा हेतू प्रस्थापित सरकारला त्याच्याच जनतेविरुद्ध आधार देणे हा आहे, ती मदत निषिद्ध. तो ठराव पूर्ण यादवी युद्धाला लावलेला नाही, आणि तो लावायला हवा होता असे मला वाटते. संमती ही राज्याची असते. सरकार तिचा विश्वस्त असतो. विश्वस्ताला ज्यांच्यासाठी ठेव सांभाळायची त्यांच्यावरच ती उगारता येत नाही.

संमती काढून घेण्याविषयी कायदा तुलनेने बरा आहे. आमसभेने 1974 मध्ये केलेल्या आक्रमणाच्या व्याख्येत स्पष्ट लिहिले आहे की ठरलेल्या अटींच्या बाहेर सैन्य वापरणे किंवा करार संपल्यावर ते तिथेच ठेवणे हेही आक्रमण आहे. काँगोच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2005 मध्ये सांगितले की संमती मागे घ्यायला कोणताही ठराविक सोपस्कार लागत नाही. काँगोने युगांडाच्या सैन्याला सीमेवरच्या बंडखोरांपुरती मुभा दिली होती, ती उशिरात उशिरा 8 ऑगस्ट 1998 ला संपली होती, आणि त्यानंतरची युगांडाची उपस्थिती बेकायदा होती. फेब्रुवारी 2022 मध्ये न्यायालयाने 32.5 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. निकाल यायला सात वर्षे आणि भरपाई ठरायला आणखी सोळा वर्षे लागली, हे मात्र विसरता येत नाही.

याबाबतीत श्रीलंकेचा अनुभव आपण प्रांजळपणे वाचला पाहिजे. 29 जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारानुसार अध्यक्ष जयवर्धने यांच्या विनंतीवरून भारतीय शांतिसेना तिथे गेली. जाताना ती दोन बाजूंमध्ये उभी राहणार होती. ऑक्टोबरपर्यंत ती एलटीटीईशी लढू लागली. जयवर्धने यांच्यानंतर आलेल्या प्रेमदासा यांनी 1 जून 1989 रोजी जाहीरपणे सांगितले की कराराच्या दुसऱ्या वर्धापनदिनापर्यंत सैन्य परत जावे. करारातल्या तरतुदी, तमिळांची सुरक्षा आणि सत्तेचे विकेंद्रीकरण पूर्ण व्हायचे आहे, असे भारताचे उत्तर होते. शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला परतली. सुमारे 1,200 भारतीय जवान त्या मोहिमेत गेले. भारताचे कारण खोटे नव्हते, पण माझ्या मते यजमान देशाने जा म्हटल्यावर राहण्याचे कारण कितीही चांगले असले तरी ते पुरत नाही. त्या करारात सैन्याच्या मुक्कामाची मुदत असती तर दोन मित्र सरकारांवर अशी अवघड वेळ आली नसती.

मालदीवमध्ये 3 नोव्हेंबर 1988 रोजी भाडोत्री सशस्त्र लोकांनी मालेवर हल्ला केला, अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीधारी सैनिक हुलहुले विमानतळावर उतरले. बंड काही तासांत मोडले. अशा वेळी संसदेची बैठक, ठराव, नोंदणी यांची वाट पाहत बसायचे का, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. म्हणून मी आधी परवानगी मागण्याचा आग्रह धरत नाही. सैन्य आधी येऊ द्यावे, पण घड्याळ त्याच क्षणी सुरू व्हावे.

अशी घड्याळे अस्तित्वात आहेत, फक्त ती सैन्य पाठवणाऱ्या देशांच्या भिंतीवर टांगलेली आहेत. फ्रान्सच्या राज्यघटनेचे कलम 35 सांगते की परदेशी मोहिमेची माहिती संसदेला तीन दिवसांत द्यावी आणि चार महिन्यांपलीकडे ती चालवायची तर संसदेची मंजुरी घ्यावी. मालीच्या मोहिमेसाठी पॅरिसमध्ये एप्रिल 2013 मध्ये असे मतदान झालेही. अमेरिकेत 1973 च्या युद्धाधिकार ठरावानुसार अध्यक्षाने 48 तासांत काँग्रेसला कळवायचे असते. म्हणजे परक्या भूमीवर आपले सैनिक किती काळ राहतील हे पाठवणाऱ्यांचे प्रतिनिधी विचारू शकतात, आणि ज्यांच्या गावांवरून ती विमाने उडतात त्यांच्या प्रतिनिधींना आंतरराष्ट्रीय कायद्यात काहीच स्थान नाही. हे उलटे आहे.

स्वसंरक्षणाचा हक्क वापरला तर कलम 51 नुसार सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवावे लागते. निमंत्रणावर सैन्य पाठवले तर कुणालाही काही कळवण्याचे बंधन नाही. हे बंधन घालणे अशक्य नाही. निमंत्रण मिळाल्यापासून काही दिवसांत त्याची प्रत संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे द्यावी: कुणी बोलावले, कोणत्या पदावरून, कोणत्या कामासाठी, कोणत्या प्रदेशात, किती काळ. मुदत सहा महिन्यांची असावी, आणि वाढवायची तर यजमान देशाच्या संसदेने, ती बसू शकत नसेल तर प्रादेशिक संघटनेने ठरवावे. यासाठी नवी सनद लागत नाही. कलम 102 प्रमाणे प्रत्येक करार नोंदवायचा असतो, आणि न नोंदवलेला करार संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही अंगापुढे पुढे करता येत नाही. तोच न्याय निमंत्रणाला लावता येईल.

सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य हे खुशीने करणार नाहीत, कारण जवळजवळ सर्वांनीच केव्हा ना केव्हा असल्या कागदांचा आधार घेतला आहे. पण आक्रमणाची व्याख्या 1974 मध्ये आमसभेत झाली, आणि तिच्या काही भागांना न्यायालयाने पुढे प्रथागत, म्हणजे देशांच्या प्रथेतून बंधनकारक झालेल्या, कायद्याचे रूप म्हणून स्वीकारले. आमसभेत लहान देशांची संख्या मोठी आहे, आणि निमंत्रणाच्या नावाखाली ज्यांच्या भूमीवर फौजा येतात ते बहुतेक तेच आहेत. त्यांनी एक ठराव मांडावा की अमुक दिवसांत न कळवलेली, मुदत नसलेली आणि लोकप्रतिनिधींसमोर न गेलेली संमती आम्ही संमती मानणार नाही, आणि प्रत्येक नव्या प्रकरणात, मित्रदेशाचे असो वा शत्रुदेशाचे, ते तसे बोलून दाखवावे.